रस्त्यात गेलेल्या घराचं नाव

मी एक नाव आहे. आंजिलीक्कल. नाव कुठे बोलतं का, असं म्हणू नका. जन्मभर माणसांनी मला तोंडात घोळवलंय, आता थोडं मलाही बोलू द्या.

मूळची मी केरळातल्या पाला गावाजवळच्या एका घराची. आमच्याकडे नुसतं टिजो म्हणून भागत नाही. कुठला टिजो? आंजिलीक्कलचा. आंजिली म्हणजे रानफणस. ते झाड घरातल्या कोणीच पाहिलेलं नव्हतं, पण माझ्यावरून ते होतं एवढं सगळ्यांना मान्य होतं.

या घरचा मुलगा टिजो कोचीला संगणकाच्या नोकरीत होता. जुन्या छपाईच्या टायपातलं मल्याळम आजच्या अक्षरांत आणायचं एक साधन त्याने लिहिलं आणि सगळ्यांसाठी फुकट मांडून ठेवलं. याला संगणकवाले पॅकेज म्हणतात. पॅकेजला जगात दुसऱ्या कोणाचं नसलेलं नाव लागतं. टिजोने पुष्कळ छान छान नावं घालून पाहिली, सगळी आधीच कोणीतरी नेलेली. शेवटी वैतागून त्याने मला बसवलं. मी मोकळीच होते.

मग माझे दिवस आले. छोटे छापखाने, चर्चची पत्रकं, सहकारी संस्थांचे अहवाल, सगळीकडे मला बोलावणं. कोणी कधी आभार मानले नाहीत. नव्या सुनेचं असतं ना, कालवण जमलं तर सगळे मुकाट जेवतात, मीठ चुकलं की सासरचं एकेक माणूस ओट्यापाशी हजर. तसंच.

पुढे रस्ता रुंद झाला आणि घर त्यात गेलं. टिजो नोकरी सोडून परत आला. उरलेल्या जमिनीत त्याने रंबुटान, म्हणजे लिचीसारखं केसाळ फळ, लावलं आणि मागच्या बाजूला नवं घर बांधलं. त्याच्या गेटवर पंचायतीचा नंबर आहे, नाव नाही. माझ्याकडे कोणी बघेना. संगणक बदलत गेले आणि माझ्या हातून अक्षरं सांडायला लागली. एका लग्नपत्रिकेत नवरीचं अर्धं नाव गळून पडलं. नवऱ्याच्या ते लक्षातही आलं नाही. नवरीच्या आईने मात्र छापखाना डोक्यावर घेतला.

तो छापखाना तिरूरचा. तिथे शिफाना नावाची, नुकतंच लग्न झालेली मुलगी संगणकावर पुस्तकांची पानं जुळवायची. तिने माझा दोष शोधला आणि दुरुस्तही केला. पण दुरुस्त काम माझ्या नावाखाली ठेवायचा हक्क एकट्या टिजोकडे. पॅकेजांची नावं सांभाळणाऱ्या मंडळींनी तिला कळवलं, आधी मालकाला गाठा.

तिने टिजोच्या ईमेलवर पत्रांवर पत्रं टाकली. उत्तर नाही. मग आमच्याकडे माणूस शोधायची जी रीत आहे तीच तिने धरली, घराचं नाव घेऊन फोन फिरवले. पहिले आंजिलीक्कल निघाले रबराचे व्यापारी. "रबराची शीट किती किलो आहे?" एवढंच विचारत राहिले. शेवटी म्हणाले, "मग ते दुसरे. रस्त्यात गेलेले आंजिलीक्कल."

ती आली तेव्हा टिजो शिडीवर चढून वटवाघळांपासून फळं राखायला जाळी बांधत होता.

"चेट्टा, किती पत्रं टाकली तुम्हाला." दादाला आमच्याकडे चेट्टा म्हणतात.

"त्या पत्त्याचा पासवर्ड विसरलोय मी. काय काम आहे?"

तिने काम सांगितलं. तो वरूनच म्हणाला, "काम घेऊन जा. नाव दुसरं ठेव."

"दुसरं नाव कोणाला कळणार? सगळीकडे आंजिलीक्कल म्हणूनच बोलावतात. ज्यांनी ते संगणकांवर बसवलं ते कधीच नोकऱ्या बदलून गेले."

"आणि उद्या तू त्यात काही भलतंच घातलंस तर? लोक डोळे मिटून ते वापरतात. नाव जाईल ते माझ्या घराचं."

"म्हणून तर दारात आलेय. ओळ न ओळ वाचा, मगच द्या."

टिजो जाळीची गाठ आवळत राहिला. मग हळूच म्हणाला, "घर गेलं. एवढं एक नाव राहिलंय. ते मी बाहेरच्या माणसाला देणार नाही."

म्हणजे मी अब्रूनिशी मरायचं, एवढं ठरलं.

पायरीवर त्याची आई, एलीकुट्टी, कप्पा सोलत बसली होती. कप्पा म्हणजे साबुदाण्याचा कंद. सुरी खाली न ठेवताच तिने विचारलं, "बाहेरची म्हणजे कोण रे?"

"अम्मच्ची, तू यात पडू नकोस."

"मी कुठल्या घरची?"

"आंजिलीक्कलची."

"मी पुन्नमट्टमची. लग्नाच्या दिवशी पंगत उठायच्या आत आंजिलीक्कलची झाले, कोणी विचारलंसुद्धा नाही. तुझा बाप रक्ताचा आंजिलीक्कल. त्याने या नावाचं काय केलं ते ताडीच्या दुकानात जाऊन विचार. या घराचं नाव बाहेरून आलेल्या बायकांनीच चालवलंय, टिजो. ही पोरगी निदान विचारून नेतेय."

टिजो खाली उतरला.

फोनवर आकडे मागवून त्याने ते बंद पडलेलं खातं एकदाचं उघडलं. मग कप्पा उकडून मासळी शिजेपर्यंत तो तिचं काम वाचत बसला. एका जागी चूक सापडली तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

"इथे चुकलीस."

"खरंच की," म्हणत तिने ती तिथल्या तिथे सुधारली.

"नाव बदलणार नाहीस ना?"

"बदलायचं असतं तर एवढ्या लांब मागायला कशाला आले असते, चेट्टा?"

त्याने मुंडूला, म्हणजे कमरेच्या लुंगीला, हात पुसले आणि बटण दाबलं. माझ्या पाटीवर आता लिहिलंय, सांभाळणारी शिफाना, त्याआधी टिजो.

अक्षरं सांडायची थांबलीत. तिरूरकडचे लोक मला जरा वेगळ्या हेलात हाक मारतात, त्याची सवय होतेय. तुमच्याकडेही तुमच्या नावाचं असं काही बंद पडून असेल. कोणी ते चालवायला मागितलं तर तो आपल्यातला आहे का, हे शेवटी विचारा. त्याचं काम आधी वाचा.

परवा शिफानाच्या सासूने तिच्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. "हे आंजिलीक्कल कोणाचं घर गं?"

शिफाना काम न थांबवता म्हणाली, "सध्या माझं, उम्मा."