कच्च्या शिवणीचं जहाज

माझ्या बाबांना चाच्यांनी पळवलं, की बाबा आपल्या पायांनी चाच्यांकडे गेले, या एका प्रश्नावर आमच्या गल्लीनं दोन वर्षं मजेत काढली. यातला सगळ्यात मोठा तज्ज्ञ म्हणजे समोरचा दोरवाला. बाबा नाहीसे झाले त्या सकाळी त्यानं त्यांना धक्क्यावर एका परक्या माणसाशी हसून बोलताना पाहिलं होतं. त्या हसण्याचा त्यानं राईचा पर्वत केला. "शिडं शिवून बोटं झिजवण्यापेक्षा लुटालूट बरी, असं वाटलं असेल," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा आणि गिऱ्हाइकं माना डोलवायची. मला त्याची जीभ शिवून टाकावीशी वाटायची. सुई तर दिवसभर माझ्या हातातच असायची.

आई लोकांसमोर एवढंच म्हणायची, "येतील." पण एकदा तिच्या हातात सुई मोडली तेव्हा ती भिंतीकडे बघून पुटपुटली, "गेले असतील. कंटाळले असतील आपल्याला." मी मागे उभी आहे हे तिला ठाऊक नव्हतं. ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं. बाबा परत यायला हवे होतेच, पण त्याहून जास्त मला हे हवं होतं, की ते आपणहून गेलेले नसावेत.

आमचा कारखाना म्हणजे धक्क्यासमोरच्या इमारतीचा सगळा वरचा मजला. मधे खांब नाही, कपाट नाही, नुसती लांबच लांब लाकडी जमीन, कारण शीड पसरायला जागा लागते. तळहाताला चामड्याची पट्टी बांधायची, दोऱ्याला मेण लावायचं आणि गुडघ्यांवर बसून शिवत राहायचं. नव्या शिडाची वरची कड, जिच्यावर अख्खं शीड टांगलेलं असतं ती, आम्ही आधी कच्ची शिवतो. त्या शिवणीला घरात 'वेणी' म्हणतात. धान्याच्या पोत्याचं तोंड शिवतात ना, तशी ती असते. दिसायला घट्ट, वाऱ्यालाही टिकते, पण बरोबर टोक ओढलं की सरसर उसवत जाते. चुकीचं टोक ओढलं तर उलट आवळते. शीड एकदा चढवून बघायचं, नीट बसलं की वेणी उसवून पक्की शिवण घालायची. वेणी असलेलं शीड समुद्रावर पाठवायचं नाही, हा घरचा नियम. बाकीचे कारखाने थेट पक्कं शिवतात आणि चुकलं की कपाळावर हात मारून घेतात.

पंधरावं लागलं तशी मी आत्याच्या जहाजावर शिडं दुरुस्त करायच्या कामाला लागले. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. मालवाहू जहाजाची कप्तान. जहाजावर दोन डोलकाठ्या, सात माणसं आणि आत्याचा आवाज, जो वाऱ्याच्या उलट दिशेनंही पोचायचा. आई मला सोडायला तयार नव्हती.

"वन्सं, पोरीला काही झालं तर मी तुमचं तोंड बघणार नाही."

"वहिनी, तिला काही झालं तर मी तोंड दाखवायला येणारच नाही."

यावर आईचं का समाधान झालं, ते मला आजवर कळलेलं नाही.

निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाक्यानं भांडी विसळता विसळता लांब बोट दाखवलं. काळं जहाज, चार मोठी शिडं, आणि झेंडा कुणाचाच नाही. आत्यानं दुर्बीण लावली आणि एक सणसणीत शिवी हासडली. "मामा आलाय."

त्या चाच्यांच्या म्होरक्याला सगळा समुद्र मामा म्हणायचा. तो दुसऱ्याच्या जहाजावर चढताना "येऊ का?" असं विचारायचा, आणि उत्तराची वाट न बघता सगळं धुऊन न्यायचा. त्याचा एक नियम मात्र सगळ्यांना माहीत होता. कारागिराला मारायचं नाही, आणि हाती लागलेल्या कारागिराला सोडायचंही नाही.

मी आत्याच्या हातातून दुर्बीण घेतली. मला त्यांची शिडं बघायची होती, सवयच तशी. वरच्या कडांवर ऊन पडलं होतं आणि तिथे वेणी दिसत होती. चारही शिडांवर. आधी मला हसूच आलं. कच्च्या शिवणीवर जहाज हाकणारा हा कोण शहाणा! मग हसू थांबलं, कारण वेणी घालणारं घर एकच होतं, आमचं.

"आत्या, बाबा तिथे आहेत." मी तिला एका दमात सगळं सांगितलं. "मला नुसतं वर चढू दे. चार टोकं ओढली की चारही शिडं खाली."

आत्यानं त्यांच्या जहाजाकडे पाहिलं. पळून जाण्यात अर्थ नव्हता, ते आमच्या दुप्पट वेगानं येत होते. "आणि दादा जर..." ती थांबली. दोरवाल्याचं बोलणं तिच्याही कानावर गेलं होतं. "जर तो त्यांच्यातलाच झाला असला तर?"

"तर मी तोंडावर विचारेन," मी म्हणाले. भीतीपेक्षा राग जास्त होता.

तासाभरात मामा आमच्या कठड्यावर होता. "येऊ का?" त्याच्या माणसांनी पाण्याची पिंपं आणि कापडाचे गठ्ठे उचलायला सुरुवात केली. तो स्वतः हिरवा, जरीच्या कडांचा कोट सांभाळत उभा राहिला. "आमच्या शिडवाल्याला मदतनीस हवाय," तो म्हणाला. "रोज कटकट करतो, डोळे थकले म्हणतो. तुमच्यात सुई कुणाला येते?"

मी पुढे झाले. आत्यानं माझा दंड धरला तो इतका घट्ट, की पाचही बोटं उमटली. मग तिनं हात सोडला. "शिडं पडली की येतेच," ती माझ्या कानाशी म्हणाली. मला लुटीबरोबर काळ्या जहाजावर चढवलं आणि ते आमच्या जहाजापासून सुटलं.

दोन वर्षं मी मनात एक हडकुळा, साखळदंडातला माणूस रंगवला होता. काळ्या जहाजावर माझ्यासमोर जे उभे होते त्यांचं पोट सुटलं होतं, गाल तुकतुकीत होते आणि अंगात मखमलीचा कोट होता. बाबाच होते. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"ही?" ते म्हणाले. "हिला सुई धरता तरी येते का? वर पाठवा, वाशांवरच्या शिवणी तपासून येऊ दे. रडायला लागली तर द्या समुद्रात टाकून."

चाचे खदाखदा हसले. मामाही हसला. मला वाटलं, संपलं. दोरवाला खरा ठरला. आईला जाऊन काय सांगायचं, हे मला सुचेना. डोळ्यांत आलेलं पाणी मी रागानं गिळलं आणि डोलकाठी चढायला लागले. ते त्यांच्यातले असोत नाहीतर आणखी कुणातले, शिडं मी पाडणारच होते.

शीड ज्या आडव्या वाशाला टांगलेलं असतं, त्यावरून मी उजव्या टोकापर्यंत सरपटत गेले. आम्ही डावीकडून उजवीकडे शिवतो, त्यामुळे उसवणारं टोक उजवीकडे राहतं. दोऱ्याचं शेपूट लोंबत होतं. मी ते जोरात ओढलं. काहीच झालं नाही. पुन्हा ओढलं, तर शिवण आणखी आवळली. खालून मामाचा आवाज आला, "काय करतेस गं तिथे?" सगळ्यांनी वर पाहिलं. मामाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी गळा फाडून ओरडलं.

"दुसरं टोक! दुसरं टोक ओढ, बाळा! मी डावरा आहे, विसरलीस का?"

बाबा होते. दोघा चाच्यांनी त्यांची मानगूट पकडली तरी ते मान वर करून ओरडतच होते. डावरे! बाबा उजवीकडून डावीकडे शिवतात, त्यावरून आई त्यांना सारखी चिडवायची, आणि दोन वर्षांत मी त्यांचा हातच विसरून गेले होते. मला वर पाठवा असं ते का म्हणाले, तेही आता लख्ख कळलं. खाली वीस-पंचवीस चाचे तलवारी उपसत होते आणि वर मी मूर्खासारखी हसत होते. ते आपणहून गेले नव्हते. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मी उठून उभी राहिले आणि वाशावरून चक्क धावले. डावं टोक ओढलं. सर्रर्र करून वेणी उसवत गेली आणि अख्खं शीड खालच्या चाच्यांच्या अंगावर कोसळलं. आतून शिव्यांचा नुसता कल्लोळ. खालच्या वाशावर उतरून दुसरं पाडलं. एक चाचा दातांत सुरी धरून वर चढत होता. मी त्याच्या बोटांवर पाय दिला, त्याला ओरडायचं होतं आणि त्यासाठी तोंड उघडावं लागलं, तशी सुरी समुद्रात गेली. मग एक दोर पकडून दुसऱ्या डोलकाठीवर झेप घेतली. हे मी ठरवून केलं असं सांगायला मला आवडेल, पण खरं तर माझा पाय घसरला होता. तिसरं शीड पडलं, चौथं पडलं. जहाज जागच्या जागी डुलायला लागलं.

खाली उतरले तर मामा तलवार घेऊन वाट बघत होता. माझ्याकडे होती वीतभर लांबीची शिडाची सुई. त्यानं वार केला, मी डोलकाठीमागे गेले, तलवार लाकडात रुतली. तो ती उपसतोय तोवर मी सुई त्याच्या बाहीतून आरपार घालून तळहाताच्या पट्टीनं डोलकाठीत ठोकली. पट्टी त्यासाठीच असते. मामानं एकदा बाहीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. कोट फाडला असता तर तो सुटला असता, पण ते त्याच्या जिवावर आलं.

"बाबा, चला!"

त्यांना धरणारे दोघेही चाचे शिडाखाली वळवळत होते. बाबा लंगडत आले. त्यांचा उजवा पाय गुडघ्यात वाकतच नव्हता. तोवर आत्याचं जहाज येऊन धाडकन आदळलं. कठड्यावर स्वयंपाकी मोठा झारा परजत उभा होता, आणि आत्याच्या आवाजानं निम्मे चाचे शिडाखालून बाहेर यायलाच तयार नव्हते. तिनं दोर फेकला. मी एका हातानं दोर धरला, दुसऱ्यानं बाबांना, आणि आम्ही लोंबकळत पलीकडे गेलो.

"किती जड झालात!" मी त्यांच्याखाली चेपून पडल्या पडल्या म्हणाले.

"जेवण बरं होतं," ते ओशाळून म्हणाले. मग त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

काळं जहाज मागे एक ठिपका होईपर्यंत आत्या सुकाणूवरून हलली नाही. मग ती आली, दादाच्या पाठीत एक रट्टा घातला आणि रडायला लागली. बाबांनी सगळं सांगितलं. धक्क्यावरच्या परक्यानं शीड दाखवायला जहाजावर बोलावलं, कामाचं बोलणं होतं म्हणून ते हसले, इतकंच. पळायला गेले तेव्हा पाय मोडला. तेव्हापासून त्यांनी त्या जहाजाचं प्रत्येक शीड वेणीवर शिवलं होतं. विरलं की पुन्हा वेणीच. "वर चढता येत नव्हतं," ते म्हणाले. "ज्याला वेणी कळेल असं कुणीतरी येईल, म्हणून मदतनीस मागत राहिलो. तू येशील असं वाटलं नव्हतं. तुला पाहिलं आणि ओळख दाखवायची नाही, एवढंच सुचलं."

पाचव्या दिवशी आम्ही धक्क्याला लागलो. बाबांच्या लंगडण्यामुळे गल्ली पार करायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळ्यांना नीट बघता आलं. दोरवाला दुकानात उभा राहिला. मग तो एक अत्यंत गुंतलेला दोर सोडवायला बसला.

आई कारखान्यात गुडघ्यांवर बसून शिवत होती. बाबा दाराशी थांबले. तिनं वर पाहिलं. त्यांचा पाय पाहिला, सुटलेलं पोट पाहिलं, मखमलीचा कोट पाहिला. मी घाईघाईनं सांगायला लागले. वेणी, चारही शिडं, दोन वर्षं, डावरा हात, सगळं एकात एक. मी थांबले तेव्हा तिनं बाबांना विचारलं, "सगळी शिडं? पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून," बाबा म्हणाले.

तिनं सुई कापडात टोचली, पदरानं तोंड पुसलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ. मला ठाऊकच होतं."

धादांत खोटं बोलत होती. मी म्हटलं, "मलापण."