बोटीच्या दिवशी धुणं नाही

डोरीनबाईंच्या फ्रिजवर त्यांच्या मुलानं, कीथनं, एक कागद चिकटवला होता. वर औषधांच्या वेळा, मग डॉक्टरचा नंबर, आणि सगळ्यात खाली दोनदा अधोरेखित केलेली सूचना : मी बोट घेऊन बाहेर असलो की घरात कपडे धुवायचे नाहीत. कामाच्या पहिल्या दिवशी मयूरा हे वाचून गालातल्या गालात हसली होती.

हसायचा तिला तसा काही अधिकार नव्हता. मयूरा पुण्याची, एमकॉम झालेली. युनिव्हर्सिटीत अकाउंटिंग शिकायला म्हणून मेलबर्नला आली आणि पुढे वृद्ध माणसांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करण्याच्या नोकरीत रमली. आठवड्यातून चार दिवस टार्निटच्या आपल्या घरून गाडी हाकत समुद्राकाठच्या अल्टोना उपनगरात डोरीनबाईंकडे यायची. पण नवरा सारंग घराबाहेर पडला की अर्धा तास व्हॅक्युमला हात लावत नसे, डोक्यावरून पाणी घेत नसे. माहेरी कुणी निघाल्यावर लगेच केर काढत नसत, तेच अंगात मुरलेलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "अंधश्रद्धा कसली, सवय आहे." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय!

डोरीनबाई त्र्याऐंशीच्या. इंग्लंडमधल्या हल नावाच्या बंदरात जन्मल्या, आणि एकसष्ट वर्षं ऑस्ट्रेलियात काढूनही रोज हलमध्येच राहायच्या. अल्टोनाला त्या फक्त जेवायला यायच्या म्हणा ना. त्यांच्या गल्लीतली झाडून सगळी पुरुषमाणसं मासेमारीच्या मोठ्या बोटींवर. तीन आठवडे आइसलँडकडच्या गोठलेल्या समुद्रात, मग तीन दिवस घरी, नवा सूट घालून राजासारखे मिरवायला. डोरीनबाई पंधराव्या वर्षापासून जाळी विणायच्या. अजूनही गप्पा मारताना त्यांची बोटं मांडीवरच्या शालीशी तसंच काहीतरी विणत असायची. त्या गल्लीचे कायदे कडक होते. नवरा निघाला की बायकोनं धक्क्यावर जायचं नाही, हात हलवून निरोप द्यायचा नाही, आणि त्या दिवशी धुणं तर मुळीच काढायचं नाही. धुणं धुतलं की माणूस वाहून जातो. त्यांचा नवरा फ्रँक बाविसाव्या वर्षी बोटीसकट गेला, एवढं मयूराला माहीत होतं. त्यापुढचं बाई कधी बोलल्या नव्हत्या. पोटातलं मूल, म्हणजे कीथ, जन्मल्यावर त्या त्याला घेऊन जहाजानं इकडे आल्या. समुद्रापासून पळून जगाच्या दुसऱ्या टोकाला आल्या आणि घर घेतलं ते पुन्हा समुद्राकाठीच.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी कीथ सारंगला मासे धरायला घेऊन गेला. कधीमधी मयूराला न्यायला येता येता सारंगची त्याच्याशी दोस्ती जमली होती. सारंग साताऱ्याचा, कृष्णाकाठचा, पण संगम माहुलीच्या घाटावर पाय भिजवण्यापलीकडे त्याचा पाण्याशी संबंध आला नव्हता. पोहता येत नव्हतं.

"लाइफ जॅकेट असतं गं," पहाटे निघताना तो म्हणाला. "आणि कीथ चाळीस वर्षं बोट चालवतोय. तू उगाच टेन्शन घेऊ नकोस."

नऊला मयूरा कामावर आली तेव्हा डोरीनबाईंचा बिछाना ओला झालेला होता. त्या शरमेनं भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"कीथला सांगू नकोस, लव्ह."

"नाही सांगत. होतं असं," मयूरा म्हणाली. त्यांना अंघोळ घातली, कोरडे कपडे चढवले, दुसरी चादर घातली, गोळ्या देऊन झोपवलं. बाई आता बारापर्यंत उठत नाहीत हे तिला ठाऊक होतं. ओल्या चादरीचं बोचकं उराशी धरून ती फ्रिजसमोर क्षणभर थांबली. मग मनाशी म्हणाली, कोणाला कळणार आहे! तिनं मशीन लावलं आणि साडेदहाला मागच्या अंगणात तारेवर चादर वाळत घातली.

दहा चाळीसला सारंगचा मेसेज आला. "इंजिन थोडी नाटकं करतंय. कीथ म्हणतो नो वरीज." तिनं उत्तर पाठवलं, पण ते काही पोचलं नाही.

पावणेबाराला उत्तरेचा गरम वारा एकदम पडला. पान हलेना. आणि मग नैऋत्येकडून गार वारा असा घुसला की मागचं दार धाडकन आपटलं. मेलबर्नच्या हवेचं हे नेहमीचंच, एका दिवसात चार ऋतू. पण आज नवरा पाण्यावर होता. फोनवर हवामान खात्याचा इशारा झळकला : उपसागरात जोराचे वारे, छोट्या बोटींनी किनाऱ्याला यावं. मयूरानं सारंगला फोन लावला. बंद. कीथला लावला. नुसती रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा लावला.

शेवटी तिनं समुद्रावरच्या बचावपथकाचा नंबर शोधून फिरवला. पलीकडची बाई शांतपणे एकेक विचारत होती. बोटीचं नाव काय? माहीत नाही. लांबी किती? माहीत नाही. रंग?

"पांढरी. बहुतेक पांढरी."

"दोघांनाही पोहता येतं?"

"माझ्या नवऱ्याला नाही येत," मयूरा म्हणाली. आतापर्यंत हे वाक्य तिनं चारचौघांत त्याची थट्टा करताना वापरलं होतं. आज ते तोंडातून निघालं तसं तिनं ओट्याची कड घट्ट धरली.

"आम्ही रेडिओवर सांगतो. आज पुष्कळ बोटी अडकल्यात. फोन जवळ ठेवा."

फोन ठेवून ती वळली तर स्वयंपाकघराच्या दारात वॉकर धरून डोरीनबाई उभ्या. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. खिडकीतून मागच्या अंगणात बघत होत्या. वाऱ्यानं चादर तारेवर फडाफडा आपटत होती. भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा झाले होते.

"कीथ बाहेर आहे," त्या म्हणाल्या.

"हो, पण..."

"कीथ बाहेर आहे आणि तू धुणं धुतलंस." आणि मग त्या ओरडल्या. शब्द नव्हते त्यात. मयूरानं सहा वर्षांच्या नोकरीत माणसं दुखण्यानं, रागानं, भ्रमानं ओरडताना ऐकली होती. असं कधी ऐकलं नव्हतं.

"काढते, आत्ता काढते!"

"नुसती काढून काय होणार? मळव! होती तशी कर!"

आता एमकॉम झालेल्या बाईनं काय करायला हवं होतं? म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवायचं, पाणी द्यायचं, गोड बोलून विषय बदलायचा. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं सगळं. मयूरा धावत अंगणात गेली, तारेवरची चादर ओढली आणि टोमॅटोच्या वाफ्यात गुडघे टेकून ती मातीत चोळायला लागली. दोन्ही हातांनी, दात आवळून. चुकले, चुकले, असं काहीतरी पुटपुटत होती. कुणापुढे चुकले, हलच्या समुद्रापुढे की माहेरच्या देवापुढे, तिचं तिला कळत नव्हतं. दारातून डोरीनबाई बजावत होत्या, "कडाही. कडा राहिल्या बघ."

मग दोघी आत येऊन बसल्या. मयूराच्या नखांत माती, बाईंची बोटं मांडीवर विणत असल्यासारखी हलत होती. फोन मधे टेबलावर. वाजत नव्हता.

"मी त्याचा शर्ट धुतला होता," डोरीनबाई अचानक म्हणाल्या.

"कुणाचा?"

"फ्रँकचा. पहाटे तो बोटीवर गेला. मला तिसरा महिना होता. माशाचा वास सहन होत नव्हता गं. सगळ्या घराला तोच वास. शर्ट खुंटीवर होता, तो धुतला आणि दोरीवर टाकला. बारा दिवसांनी बातमी आली. बोटीवर बर्फ चढला होता, त्याच्या वजनानं ती कलंडली. वीस माणसं. सासूनं तो शर्ट दोरीवर बघितला होता. ती एकच वाक्य बोलली. तू माझ्या पोराला धुऊन टाकलंस. पुन्हा माझ्याशी कधी बोलली नाही."

मयूराला म्हणावंसं वाटलं, असं काही नसतं हो. पण मातीत माखलेल्या हातांनी ते म्हणायचं कसं?

"कीथला माहीत आहे?"

"त्याच्या बापाला मी मारलं, हे त्याला सांगू?"

दोन वाजले. अडीच वाजले. वारा कमी व्हायचं नाव घेईना. मयूरानं मनातल्या मनात साताऱ्याच्या सासूबाईंना फोन करून पाहिला, आणि पहिल्याच वाक्याला ती अडकली. ते वाक्य सापडूच नये असं तिला वाटत होतं.

तीनला दारात गाडी थांबली. मागे ट्रेलरवर बोट, पांढरीच. कीथ उतरला, आणि पलीकडून सारंग. चेहरा हिरवा, शर्टावर सकाळचा नाश्ता, पायात एकच चप्पल. मयूरा धावत गेली आणि त्याला मिठी मारायच्या ऐवजी त्याच्या दंडावर दोन दणके घातले.

"फोन का नाही केलास?"

"फोन पाण्यात पडला गं! कीथचा गाडीतच राहिलेला, पोचलो तोवर त्याची बॅटरी संपलेली."

"दुसऱ्या कुणाचा घ्यायचास!"

"तुझा नंबर पाठ कुणाला आहे?" सारंग म्हणाला, आणि मग मात्र त्याचा आवाज फाटला. "मला वाटलं संपलंच आता."

तेव्हा तिनं त्याला जवळ घेतलं.

आत येऊन कीथनं सगळं सांगितलं. इंजिन बंद पडलं, बोट वाहत गेली, लाटा आत येऊ लागल्या. नशिबानं एक मोठी बोट तिकडून चालली होती, तिनं दोर टाकला आणि ओढत पार पलीकडच्या किनाऱ्याला नेलं. तिथून गाडी आणायला इतका वेळ गेला. "तुला मुद्दामच कळवलं नाही, मम. उगाच घाबरली असतीस."

"किती वाजता?" डोरीनबाईंनी विचारलं.

"काय किती वाजता?"

"दोर. दोर कधी टाकला?"

"साडेअकरा असतील. वारा फिरायच्या जरा आधी."

डोरीनबाई मयूराकडे वळल्या. "तेव्हा चादर तारेवर होती."

मयूराला कळलं बाईंचा हिशोब कुठे चाललाय. चादर साडेदहापासून तारेवर होती, स्वच्छ. मातीत गेली ती साडेबाराला. मातीनं तुमचा मुलगा वाचला, असं खोटं सांगितलं असतं तर बाई सुखानं झोपल्या असत्या, आणि फ्रँकचा शर्ट जन्मभर त्यांच्याच गळ्यात राहिला असता. खरं ऐकून बाई कशा सावरतील, याची तिला भीती वाटली. दुपारभर वाटली त्याहून ही निराळी होती.

"हो," ती म्हणाली. "धुतलेली, तारेवर."

"साबणानं?"

"साबणानं."

"आणि ते वाचले."

सारंग काही न समजून तिघांकडे बघत होता.

"मग फ्रँक का गेला?" डोरीनबाई म्हणाल्या. "नुसताच? काही कारण नसताना?"

कीथ आईसमोर खाली बसला. "काय झालं, मम?"

त्यांनी सांगितलं. शर्ट, खुंटी, माशाचा वास, सासूचं वाक्य, सगळं. बापाला कधीच न पाहिलेला एकसष्ट वर्षांचा माणूस मान खाली घालून ऐकत राहिला. मग त्यानं आईचे दोन्ही हात धरले.

"वास येत होता म्हणून धुतलास ना?" तो म्हणाला. "मग बरं केलंस."

डोरीनबाईंनी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि नवऱ्यासाठी रडायला लागल्या. इतकी वर्षं त्या नुसत्याच भीत आल्या होत्या, रडायचं राहूनच गेलं होतं. मयूराची शिफ्ट केव्हाच संपली होती, पण बाईंचं रडणं थांबेपर्यंत ती आणि सारंग तिथेच बसून राहिले.