थिगळावर डावा पाय

मित्रांनो, आधी पाय पुसा, मग माझ्यावर बसा. मी बडोद्याच्या प्रतापनगरातल्या रेल्वे क्वार्टर्सच्या हॉलमधली जुनी सतरंजी आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे. मला अक्षर ओळखता येत नाही, पण पाऊल ओळखता येतं. भार टाचेवर किती, चवड्यावर किती, कोण धीट, कोण भ्यालेलं, सगळं मला खालून कळतं.

विणकराने मला मागावर चांगलं ठोकून विणलं. लाल-निळे पट्टे, जाड काठ. माझ्यावर लग्नाच्या बैठका झाल्या, गणपतीच्या आरत्या झाल्या. एका आरतीत पेटता कापूर पडला आणि मला भोक पडलं. तेव्हा इथल्याच क्वार्टरमधल्या इंदिराबाईंनी जाड कापडाचं थिगळ लावून असे टाके घातले की आजही तिथे पाऊल पडलं तर उंचवटा लागतो. नवी मंडळी त्याला नाक मुरडतात. मुरडू देत.

पुढे इथे सकाळचा योगवर्ग सुरू झाला. शिकवायला कौमुदी आली. नवीन प्रमाणपत्र, नवीन शब्द. ‘श्रोणी स्थिर ठेवा, मेरुदंड लांबवा.’

वर्कशॉपातून निवृत्त झालेले फिटर भास्करराव म्हणाले, ‘ताई, श्रोणी म्हणजे कुठला पार्ट? आमच्याकडे प्रत्येकाला नंबर असायचा.’

मग ती कमरेला हात लावून स्वतः करून दाखवायची. ‘माझ्याकडे बघा, असं.’ सगळे माना वळवून बघायचे आणि ज्या पायावर उभं राहायचं तोच डुगडुगायचा.

इंदिराबाईंची दृष्टी काचबिंदूने गेलेली. ‘असं’ म्हणजे कसं, त्यांना कसं कळावं? एका पायावर उभं राहताना त्या पडल्या, मनगट सुजलं. मुलगा गुणवंत म्हणाला, ‘आई, अजून एकदा पडलीस तर वर्ग बंद. घरी खुर्चीत बसायचं.’

‘खुर्चीत ठेवायला मी काय फोटो आहे?’ त्या म्हणाल्या. पण त्यांची टाच थरथरत होती. ते मला एकटीलाच ठाऊक.

त्या दिवशी सगळे गेल्यावर कौमुदीने दार लावलं, डोळ्यांवर ओढणी बांधली आणि मोबाईलवर रेकॉर्ड केलेला स्वतःचाच धडा लावला. ‘असं करा, आता तसं.’ दोनदा पडली. मग माझ्यावर बसून राहिली, हाताने मला चाचपत. माझ्यावर पुष्कळ माणसं बसली, पण स्वतःचं बोलणं ऐकायला बसलेली ही पहिलीच.

दुसऱ्या दिवसापासून तिची जीभ बदलली. एका वेळी एकच गोष्ट सांगायची, मग ती होईपर्यंत गप्प. भास्कररावांना म्हणाली, ‘गुडघा दुखतोय ना? उचललेलं पाऊल दुसऱ्या पायाच्या घोट्याशीच टेकवा, बोटं खाली राहू देत.’ शेजारच्या नीराबेनना म्हणाली, ‘दात आवळलेत, सोडा.’

‘हाश, हवे समजायुं,’ नीराबेन गुजरातीत म्हणाल्या, आता कुठे कळलं म्हणून.

मित्रांनो, मी थक्क झाले. कोणी कोणाला हात लावला नाही. वरून नुसता एक शब्द आला आणि वीस माणसांचा भार टाचेकडून चवड्याकडे सरकला, ताट कलवल्यावर पाणी सरकावं तसा.

तेवढ्यात हॉलच्या कमिटीने रबरी मॅट आणल्या. मला गुंडाळून कपाटामागे उभं केलं. त्याच सकाळी, आई पुन्हा पडते का ते बघायला, गुणवंत दारात येऊन उभा होता. इंदिराबाई नव्या मॅटवर चाचपडल्या. ‘कौमुदी, सगळीकडे सारखंच लागतंय गं. मी आहे कुठे?’

कौमुदीने मला कपाटामागून ओढून काढलं, झटकलं, पसरलं.

‘काकू, डाव्या पावलाने शोधा. थिगळ लागलं?’

‘लागलं. माझेच टाके. अजून उसवले नाहीत.’

‘त्यावर अंगठ्याचं मूळ दाबा. टाच जड होऊ द्या. उजवा पाय हलका झाला की मगच उचला.’

मग ती गप्प राहिली.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा भार माझ्या चार बोटं रुंद थिगळात उतरला. थरथरला. आणि देवघरातल्या ज्योतीसारखा स्थिर झाला. इतकी वर्षं पडून आहे, पण इतकं मोठं काही माझ्यावर उभं राहिलं नव्हतं. गुणवंतने पुढे केलेला हात हळूच मागे घेतला.

अकरा श्वासांनी इंदिराबाईंनी पाय खाली टेकवला. ‘गुणवंता, दमला असशील उभं राहून. खुर्ची घे.’

म्हणून सांगते मित्रांनो, कोणाला काही शिकवायचं असेल तर त्याच्या पायाखाली काय आहे ते आधी विचारा. आणि मला महिन्यातून एकदा ऊन दाखवा. थिगळ मात्र कोणी उसवू नका. ते कामावर आहे.