बेटावरची नोंद

गेले सहा महिने यिक्के घटस्फोटित बाईसारखी मजेत राहत होती आणि गुरुवारी संध्याकाळी सहाला, ऐन जेवणाच्या वेळी, तिला कळलं की ती अजून विवाहितच आहे.

फोन वोब्बेचा होता. वोब्बे म्हणजे तिचा नवरा. माजी म्हणावं, तर आता तीही सोय उरली नव्हती.

"यिक्के, ते कागद आहेत ना, कोर्टाचे..."

"त्यांचं काय?"

"ते माझ्याकडेच आहेत."

यिक्केच्या हातातल्या काट्यावरचा बटाटा तिथेच राहिला. आमच्याकडे न्यायाधीश नुसता निकाल देतो. घटस्फोट पक्का होतो तो, लग्न जिथे नोंदलं त्याच गावच्या दप्तरात निकालही नोंदला की. त्याला मुदत सहा महिने. मुदत हुकली की निकालाची रद्दी, आणि पुन्हा वकिलापासून सुरुवात. एरवी हे काम वकीलच उरकून टाकतो. पण वोब्बे म्हणाला होता, "एवढं तरी माझ्यावर सोड." आणि सव्वीस वर्षं त्याच्याबरोबर काढूनही काही न शिकलेल्या यिक्केने ते सोडलं होतं.

"मुदत कधी संपते?" तिने विचारलं.

"उद्या."

वोब्बे हार्लिंगनच्या बंदरात जहाजांची शिडं शिवायचा. हात सोन्याचे, पण उन्हाळ्यासाठी सांगितलेलं शीड गिऱ्हाइकाला मिळायचं सप्टेंबरात. मुलीच्या जन्माच्या वेळी तो दवाखान्यात पोचला तेव्हा मुलगी दूध पिऊन झोपलेली होती. दर सुट्टीत यिक्के सामान बांधून दारात उभी, आणि हा आत काहीतरी शोधतोय. माणूस वाईट नव्हता, कधी वाकडा शब्द बोलला नाही. पण सव्वीस वर्षं नुसती वाट पाहून तिचा जीव मेटाकुटीला आला, आणि याच एका गोष्टीपायी तिने घटस्फोट मागितला. आता तोच घटस्फोट त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून होता.

लग्न झालं होतं समोरच्या बेटावर, कारण वोब्बेची आई तिथली. तिथल्या नोंदणी कचेरीत हिल्त्ये नावाची जुनी कारकून होती. यिक्केने सकाळी आठला तिला फोन लावला.

"अगं, मी काय करू?" हिल्त्ये म्हणाली. "मूळ कागद टेबलावर आला तर नोंद करते. आज शुक्रवार, बाराला खिडकी बंद. बारा म्हणजे बारा, सांगून ठेवते."

नऊच्या बोटीवर वोब्बे चक्क आधी येऊन उभा होता. बगलेत पाकीट, दाढी केलेली.

"तू कशाला आलास? कागद दे आणि घरी जा."

"येतो ना बरोबर."

"ये बाबा. पण माझ्याशी बोलू नकोस."

दीड तासाचा रस्ता, म्हणजे साडेदहाला पोचायला हरकत नव्हती. पण तीन दिवस पूर्वेचा वारा सुटला होता. तो वारा सुटला की आमच्या उथळ समुद्रातलं पाणी पार बाहेर ओढलं जातं. साडेनऊला बोट मधेच थांबली. कप्तानाने भोंग्यावरून सांगितलं, पाणी चढेपर्यंत कॉफी प्या.

यिक्के डेकवर येरझाऱ्या घालू लागली. ती लहान मुलांना पोहायला शिकवायची, घड्याळाकडे बघत शिट्टी मारणं हा तिचा धंदाच. दहा झाले. साडेदहा झाले. कचेरीची तिला तितकी धास्ती नव्हती जितकी स्वतःची होती. मुदत हुकली आणि वोब्बे त्या मऊ आवाजात म्हणाला, "जाऊ दे ना गं आता," तर आपण 'बरं' म्हणून बसू, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आजवर हजार वेळा ती तसं म्हणाली होती.

अखेर तिला राहवलं नाही. "इतकं कसं विसरतं रे माणूस?"

"विसरलो नव्हतो," वोब्बे म्हणाला.

"म्हणजे?"

"रोज ड्रॉवर उघडायचो. पाकीट बघायचो, आणि परत लावायचो. म्हटलं, तारीख आपसूक निघून जाईल."

आळशाला रागावणं तिला सवयीचं होतं. हा आळस नव्हता.

"मग काल फोन कशाला केलास, शहाण्या? गप्प बसला असतास तर जिंकला होतास."

वोब्बेने टोपी काढून पुन्हा घातली. "काल दुपारी तू पुलावरून सायकलने गेलीस. मी खिडकीत शिवत होतो. तू मोठमोठ्याने गात होतीस. सुरात नव्हतीस हं."

"आणि?"

"आणि काय! आपल्या घरात तू कधी गायली नाहीस, यिक्के. मला वाटायचं, तुला गाणं आवडत नाही."

यिक्केला एकदम भरून आलं. तिने तोंड फिरवलं आणि कठड्याला गच्च धरून उभी राहिली. तेवढ्यात पायाखालची बोट हलली.

धक्क्याला लागली तेव्हा अकरा चाळीस झाले होते, पायऱ्या लावण्यात आणखी पाच मिनिटं गेली. मग दोघंही सुटली. पुढे यिक्के, मागे वोब्बे, एक गुडघा दुखरा, पाकीट छातीशी धरलेलं.

"चल रे! पाय उचल!"

"उचलतोय! दोनच आहेत मला!"

हॉटेलाबाहेर बसलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कसलीतरी शर्यत असावी.

कचेरीत लग्नाची नोटीस द्यायला आलेलं एक तरुण जोडपं बसलं होतं. हिल्त्येने चष्म्यावरून आधी घड्याळ पाहिलं, मग या दोघांना.

"अकरा चोपन्न," ती म्हणाली. "वोब्बे, लग्नाला चाळीस मिनिटं उशिरा आला होतास. मी तेव्हा शिकाऊ होते, पण आठवतंय मला."

"बोट चुकली होती," वोब्बे धापा टाकत म्हणाला.

"तू इथेच होतास आदल्या दिवसापासून."

कागद तपासून तिने अर्ज पुढे सरकवला. "कुणीही एकाने सही केली तरी चालेल."

यिक्केने हात पुढे केला, तर पेन आधीच वोब्बेच्या हातात होतं.

"वोब्बे, दे इकडे. मी करते."

"सगळं तूच करत आलीस," तो म्हणाला. "हे मला करू दे."

त्याने सही केली, पूर्ण नावाची, एकदाही न थांबता. हिल्त्येने नोंद केली, शिक्का मारला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने उठून उभी राहत हात पुढे केला.

"अभिनंदन!"

मग तिने जीभ चावली. पण आमच्याकडे पुढे केलेला हात कुणी मागे घेत नाही, आणि एकाचं अभिनंदन केलं की खोलीतल्या सगळ्यांचं करावं लागतं, मग वाढदिवस कुणाचा का असेना. यिक्केने हात हातात घेतला. तरुण जोडपंही बिचारं उठलं आणि गोंधळून दोघांचं अभिनंदन करून गेलं. यिक्केला हसू आवरेना. हसता हसता डोळे वाहू लागले.

राहिला वोब्बे. तो नवऱ्या मुलासारखा ताठ उभा राहिला आणि त्याने हात पुढे केला.

"अभिनंदन, यिक्के."

यात थट्टा नव्हती. तो मनापासून म्हणत होता, आणि ते म्हणणं त्याला किती जड गेलं हे तिच्याइतकं कुणाला कळणार? ती मोकळी झाली होती, आणि मोकळं करणारा हा होता, मुदतीच्या सहा मिनिटं आधी. लग्न केलं तेव्हा जो माणूस तिला हवा होता, तो आज तिच्यासमोर उभा होता.

"तुझंही, वोब्बे," ती म्हणाली आणि आमच्याकडच्या अभिनंदनाच्या रीतीप्रमाणे त्याच्या गालांचे तीन मुके घेऊन तिने त्याला घट्ट मिठी मारली.