प्रार्थनेचा विषय

सोनईच्या ख्रिस्ती मंडळीत गुरुवारी दुपारी बायकांची प्रार्थना असते. आधी गीत, मग प्रार्थनेचे विषय. कुणाची परीक्षा, कुणाची गाभण म्हैस, कुणाच्या नवऱ्याची दारू. सगळं देवापुढे ठेवायचं आणि जाताना घरोघर पोचवायचं. बनुबाईला हे चांगलं ठाऊक होतं, म्हणून छातीतल्या गाठीबद्दल तिनं तिथं अवाक्षर काढलं नव्हतं. लेक मोनिकाचं कोपरगावच्या मुलाशी जमत आलं होतं. साखरपुडा होईपर्यंत आजाराचा बोभाटा नको होता. सांगितलं ते फक्त दीनाबाईला, लहानपणापासूनच्या मैत्रिणीला. तिनं बायबलवर हात ठेवला. "मेले तरी बोलायची न्हाई."

मेली नाहीच. पुढच्याच गुरुवारी उभी राहिली, डोळे मिटले, गळा काढला. "हे स्वर्गीय बापा, आमच्या बनुबाईच्या छातीत गाठ आहे, तिला तुझा हात लागू दे." सगळ्या बायका आमेन म्हणाल्या. त्यांत मुलाची आत्याही होती.

रविवारी कोपरगावहून फोन आला, मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही म्हणून. मोनिकानं नवी साडी घडी न मोडता कपाटात ठेवली आणि भाकरी थापायला बसली. आईला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी दीनाबाई डोळे पुसत दारात आली. "सलाम, बनु."

बनुबाईनं सलाम घेतला नाही.

"तुज्या भल्यासाठीच मागितलं गं म्या. दुःखात देवाचा काईतरी हेतू असतोय."

"हेतू देवाचा असंल," बनुबाई म्हणाली, "पन तोंड तुजं हुतं."

आणि तिच्या तोंडावर दार लावून घेतलं. पण देवाच्या तोंडावर कुठलं दार लावणार? ज्याच्यापुढे जन्मभर गुडघे टेकले, त्यानं सख्ख्या मैत्रिणीकडून गळा कापावा, याचा तिला संताप आला होता. त्या आठवड्यात तिनं बायबल उघडलं नाही.

शनिवारी शांतवन मास्तरांची सून अश्विनी मागच्या दारानं आली. दोन लेकरांची आई. पदराशी चाळा करत हळूच म्हणाली, "बनुमावशी, मलाबी हाय. दिवाळीपास्नं. लाजंपायी कुनाला बोलले न्हाई. त्या गुरवारी तुमचं ऐकलं, तवा धीर आला."

दिवाळीपासून! सोमवारी बनुबाई अश्विनीला नगरला, स्वतःची गाठ दाखवली होती त्याच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. तपासण्या झाल्या. गाठ वाईटच होती, पण अजून हाताबाहेर गेली नव्हती. "आणखी थांबला असतात तर अवघड होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर बाकावर अश्विनी रडली. "देवानंच दीनामावशीला बोलाया लावलं."

पोर वाचणार याचा बनुबाईला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला. पण राग तसाच होता. हिला वाचवायचं होतं तर मला सांगायचंस, ती मनात देवाला म्हणाली, मी माझ्या तोंडानं सांगितलं असतं. मग तिला लेकीचा साखरपुडा आठवला. नसतं सांगितलं. हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्यालाही, म्हणून त्यानं तिला विचारलंच नव्हतं.

"मावशी, प्रार्थना करता?"

बनुबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. नेहमीचे शब्द काही येईनात.

"बापा," ती म्हणाली, "माजा तुज्यावर लई राग हाय. पन हिला बरी कर."