मोडीत निघालेली सलीमची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळेची वाटी आहे आणि स्वभावानं अगदी भित्री. आत्ता जळगावच्या दवाखान्यात रूपालीच्या मुठीत दडून बसले आहे. आत तिच्या सासऱ्यांचं, जीवरामआबांचं, हृदयाचं ऑपरेशन चाललंय.

माझ्या पोटावर नाव आहे, सलीम. सावद्याच्या या केळीवाल्या घरात त्या नावाचं कुणीच नाही. झालं असं, आबांची आई भिकुबाई. तिची आधीची दोन बाळं बारशाआधीच गेली. आबा जन्मले, तर ती माउली नाव ठेवायलाच धजेना. मागून आणलेलं नाव तारतं, असं तिनं ऐकलं होतं. दारी कल्हईवाले सलीमचाचा बसले होते. तिनं पदर पसरून त्यांचंच नाव मागितलं.

चाचा म्हणाले, "घे बहेन. अरबी नाव आहे. सलीम म्हणजे सुखरूप, ज्याला काही इजा नाही असा. सलाम, सलामत ही त्याचीच भावंडं. तुम्ही नाही का म्हणत, सही सलामत पोचलो?" मग त्यांनी खिळ्यानं टोचून माझ्यावर नाव घातलं. माझ्यातलं दूध पिऊन आबा वाढले. पुढे त्यांचं नाव जीवराम ठेवलं. पण नजर लागेल म्हणून भिकुबाईनं माझी गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही, आणि आबांनीही ती सुनेला सांगितली नाही.

तिथंच घोटाळा झाला! परवा रूपालीनं फडताळ आवरलं. परकं नाव पाहून तिला वाटलं, ही कुठल्या तरी लग्नाच्या पंगतीत बदलून आलेली. दिली मला मोडीत! दुकानातल्या ढिगात मी पालथी पडले. भट्टीचं नाव ऐकलं, म्हणजे आता मला वितळवणार! बाई गं, ओरडणार तरी कशी?

आज सकाळी ऑपरेशनसाठी जळगावला निघताना आबा गाडीत बसेनात. "माही वाटी कुठी गेली वं? ते नाव आईनं मले मागून आणलं व्हतं," म्हणाले आणि चक्क रडले. रूपाली अनवाणीच दुकानात धावली. ढीग उपसून तिनं मला काढलं.

"आबा, पण हा सलीम कोण?" दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी तिनं विचारलं.

"आल्यावर सांगतो," म्हणत ते आत गेले.

मित्रांनो, भांड्यावर अनोळखी नाव दिसलं, तर मोडीत काढण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आजच विचारा. दुपार कलली, दार अजून उघडलेलं नाही, आणि रूपालीला एवढंच ठाऊक आहे की आबा आल्यावर सांगणार आहेत.