बांडी

"सिस्टर, ही पाय कधीपासून ओढतेय?"

डॉक्टरांच्या टेबलावर बांडीचे मागचे पाय सारखे फाकत होते.

"ओढत नाही हो. या बिनशेपटीच्या जातीची मांजरं सशासारखी उड्या मारत चालतात, तुम्हीच सांगितलं होतंत ना?" सिस्टर घाईघाईने म्हणाल्या. इस्पितळाची नोकरी सुटली तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे.

बांडीला शेपटीच्या जागी जन्मापासून पेरभर गोंडा. "दारात चेंगरली का हो बिचारीची शेपटी?" म्हणत शेजारीण पहिल्या दिवशी हळहळली होती. सिस्टर तिची दाट लव रोज विंचरत, गोंड्याला मात्र कुणाला हात लावू देत नसत. हल्ली उडी तिरकी पडे, बसल्या जागी ओलं होई. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं स्वतःला दटावून त्यांनी सगळं जातीच्या नावावर खपवलं होतं.

"या जातीत काहींचा शेपटीसारखा कणाही खाली अपुरा असतो," डॉक्टर म्हणाले. "हिला आपणहून लघवी होत नाहीये. भरून सांडतेय नुसती. रोज तीन-चारदा हाताने दाबून काढावी लागेल. ते जमलं तर जगेल. नाहीतर हाल करण्यापेक्षा…"

"पुढचं बोलू नका."

हे काम सिस्टरांनी माणसांसाठी जन्मभर केलं होतं, पण आता हात थरथरत. भरल्या वॉर्डात इंजेक्शनांचा ट्रे हातून पडला, तेव्हा कुणी काही बोलायच्या आत त्यांनी राजीनामा दिला होता. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"जोर जास्त झाला तर?"

"इजा होईल. सावकाश करा. हं, इथे."

बोटांखाली लिंबाएवढं काहीतरी टणक लागलं. हात ऐकेनात.

"मला भीती वाटतेय हो, डॉक्टर."

बांडीने मान वळवून सिस्टरांचं मनगट हुंगलं आणि त्यावरच हनुवटी टेकली. सिस्टरांनी श्वास रोखून हळूहळू दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. मग कागदावर ऊन धार लागली आणि बोटांखालचा टणकपणा ओसरला.

सिस्टरांनी टेबल पुसलं. सवयीने कोपरेसुद्धा पुसले. बांडीला टोपलीत ठेवलं.

"द्या इकडे, रिक्षापर्यंत मी आणतो," डॉक्टर म्हणाले.

"नको. रोज मलाच उचलायचीय."

दोन्ही हातांनी टोपली छातीशी धरून त्या एकेक पायरी उतरू लागल्या. टोपली थरथरत होती.